माहिती विश्लेषक ताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझी धाकटी बहीण नववी उत्तीर्ण होऊन यंदा दहावीत गेली, ही बातमी सर्वांत आधी तुम्हाला कळवावी असे फार वाटत होते. ती आजीकडेच आहे, रोज शाळेत जाते, गणितात जेमतेम आहे आणि शाळेच्या कबड्डी संघात आहे. गेल्या दिवाळीत, ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी, जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या क्षेत्रीय कार्यकर्त्या आजीच्या घरी आल्या होत्या. मामा-मामींसमोर बसून त्यांनी विचारले, "हंगामात मुलगी कुठे राहणार?" मामांनी टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे हंगामाच्या मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली होती आणि बहिणीला पोरे सांभाळायला सोबत न्यायचे घरात जवळपास ठरले होते. हाच प्रश्न आजीने विचारला असता तर तिला गप्प बसवले असते, पण तो बाहेरच्या माणसाने, हातात छापील कागद धरून आणि उत्तर लिहून घेण्यासाठी पेन उघडून विचारल्यामुळे ठरलेले मोडले. तो प्रश्न त्या कागदावर तुमच्यामुळे आला, हे त्या बाईंनीच नंतर मला सांगितले.

या पत्रात मी माझे, तुमचे किंवा आपल्या जिल्ह्याचे नाव लिहिलेले नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड करता येत नाही. मी आता सज्ञान असले तरी माझ्या नावाआडून बहिणीचे नाव सहज बाहेर येईल. तुम्ही मात्र पहिल्या परिच्छेदातच सारे ओळखले असेल.

माझ्या वेळी हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. आई-वडील गेल्यावर, मुलाने कुठे राहायचे हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीने आम्हा दोघींना बालगृहात ठेवले आणि पुढे मामांनी अर्ज केल्यावर मला त्यांच्या ताब्यात दिले. मूल संस्थेत वाढण्यापेक्षा घरात वाढावे, हे कायद्याचे म्हणणे मला मान्य आहे. त्याच कायद्याच्या कलम ४० ने मुलाचे पुनर्स्थापन, म्हणजे त्याला पुन्हा कुटुंबात पोहोचवणे, हे बालगृहाचे मुख्य उद्दिष्ट ठरवले आहे ते योग्यच आहे. परंतु मामांनी फक्त मला नेले, माझ्या सख्ख्या लहान बहिणीला नेले नाही. काम करू शकणारी मुलगी हवी आणि सांभाळावी लागणारी नको, असा याचा अर्थ कोणाच्याही लक्षात यायला हवा होता, कारण दोघींची नावे एकाच फाइलमध्ये होती. निरोपाच्या वेळी माझ्या हातात गुलाबाचे फूल देऊन अधीक्षकांनी छायाचित्र काढून घेतले आणि प्रकरण बंद झाले. दसरा झाल्यावर मी उसाच्या फडावर होते. कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, मामींची दोन पोरे सांभाळायची, भाकरी थापायच्या, रात्री ट्रॅक्टर आला की मोळ्या उचलायला हात लावायचा, आणि वर "शाळेत जाऊन तरी काय करणार होतीस" हे ऐकायचे. पुढे कारखान्याजवळच्या एका शिक्षिकेने मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ या क्रमांकावर फोन केला आणि मी परत त्याच बालगृहात आले. परत येताच तेव्हाच्या अधिकाऱ्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न होता, "का आलीस परत?" हा प्रश्न मला विचारण्यासारखा नव्हता, हे त्यांना आजही कळले असेल असे मला वाटत नाही. त्याच वर्षी जिल्ह्याच्या एका कार्यशाळेत यशस्वी पुनर्स्थापनांचा तक्ता पडद्यावर दाखवून त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्या तक्त्यात मीही होते, हे मला पुढे तुमच्याकडून कळले.

आपल्याकडे माहिती विश्लेषक हे पद जिल्हा कक्षात मंजूर असते, पण त्या खुर्चीवर बसणाऱ्याकडून मासिक अहवाल वर पाठवण्यापलीकडे कोणी काही अपेक्षा करत नाही. मुले किती आली, किती गेली, किती उरली, एवढे जुळले की महिना संपला. एसटी स्थानकावर गाडी सुटल्याची नोंद करावी आणि ती पोहोचली की नाही हे कोणी विचारूच नये, असे हे काम चालते. तुम्ही जुनी रजिस्टरे काढून बसलात, तेव्हा कार्यालयातल्या काहींनी तुमची थट्टा केली, असे मी ऐकले आहे. तुम्हाला घरून परत आलेली मुले शोधायची होती आणि ती सापडत नव्हती, कारण परत आलेल्या प्रत्येक मुलाला नवा क्रमांक देऊन नवे मूल म्हणून नोंदवले जात होते. जन्मतारखेवरून जुळवावे तर आमच्या भागातल्या निम्म्या मुलांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून. नावावरून जुळवावे तर एकदा वडिलांचे नाव आधी, एकदा आडनाव आधी, आणि एकदा वडिलांचे नावच नाही. शेवटी तुम्ही ओळखखुणेचा रकाना धरलात. माझ्या डाव्या मनगटावर लहानपणी चुलीत भाजल्याचा डाग आहे, आणि तो दोन्ही नोंदींत दोन वेगळ्या हस्ताक्षरांत लिहिलेला होता. म्हणजे कागदोपत्री एक मुलगी सुखाने घरी नांदत होती आणि दुसरीच एक निराधार मुलगी नव्याने दाखल झाली होती, आणि त्या दोन्ही मीच होते.

एवढे सापडल्यावर तुम्ही दोन ओळींची एक ओळ करून पुढच्या नावाकडे वळला असता, तरी तुमचे काम चोख झाले असते. तुम्ही बालगृहात आलात. अधीक्षकांच्या खोलीत मला बोलावले, माझ्यासाठी खुर्ची ओढून तुमच्या शेजारी ठेवली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवलात. पडद्यावरच्या दोन ओळींना तुम्ही पिवळा रंग दिला होता. "या दोन्ही तूच ना?" असे विचारून तुम्ही माझ्या फाइलमध्ये लिहिलेले मला वाचून दाखवायला सुरुवात केलीत आणि म्हणालात, "काही खोटे वाटले तर मला थांबव." ताई, माझ्याविषयी तोपर्यंत किती लोकांनी काय काय लिहिले होते, पण ते मला कोणी वाचून दाखवले नव्हते. एका ठिकाणी लिहिले होते की मुलीने स्वमर्जीने शाळा सोडली. तिथे मी तुम्हाला थांबवले. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलेत. ते वाक्य खोडता येणार नाही, कारण सरकारी नोंद खोडायची नसते, हे तुम्ही मला मोठ्या माणसाला सांगावे तसे समजावून सांगितलेत. मग त्याच्याखाली 'मुलीचे म्हणणे' असा मथळा घालून मी सांगत गेले तसे टंकलेत, त्या दिवसाची तारीख घातलीत आणि सगळे पुन्हा एकदा वाचून दाखवलेत. "मामा म्हणाले" असे मी सांगितले होते, तिथे तुम्ही "मामा म्हणाले"च लिहिले होते. "नातेवाइकांनी नकारात्मक भूमिका घेतली" असे काही केले नव्हते. पुढे मला शिष्यवृत्ती मिळाली, परिचर्या शिक्षणाला प्रवेश मिळाला आणि अठरा वर्षांनंतर मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून अनुरक्षणाचे, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यावरच्या आधाराचे, महिन्याला ४,००० रुपये सुरू झाले, त्या सगळ्याबद्दल मी संबंधितांची ऋणी आहे. पण मन भरून येते ते त्या खुर्चीच्या आठवणीने.

त्या नोंदींचे तुम्ही पुढे काय केलेत, हे मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेले. परत आलेली मुले एका खाली एक लावल्यावर तुम्हाला दिसले की त्यांतली बरीच गाळप हंगामाच्या मध्यात किंवा तो संपता संपता परत आली आहेत. पाठपुराव्याच्या भेटी मात्र ताबा दिल्याच्या तारखेपासून महिने मोजून होत होत्या, त्यामुळे उन्हाळ्यात घरी गेलेल्या मुलाची भेट पावसाळ्यात पडायची. तेव्हा घरात सगळे असत, मूल शाळेत असे आणि नमुन्यातल्या रकान्यांत सगळीकडे समाधानकारक असेच येई. तुम्ही समितीसमोर एवढेच मांडलेत की ज्या घरातली माणसे स्थलांतर करतात, तिथली भेट दसरा-दिवाळीच्या दरम्यान, टोळी निघण्याआधी व्हावी आणि दुसरी गुढीपाडव्यानंतर, माणसे परतल्यावर व्हावी. यासाठी नवा निधी, नवे पद किंवा नवा शासन निर्णय लागला नाही. भेटी तेवढ्याच राहिल्या, फक्त त्यांच्या तारखा बदलल्या. ताबा देण्याआधी समिती आता कुटुंब हंगामाला कुठे जाते, हेही विचारते. बहिणीला आजीकडे देताना हे विचारले गेले, बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये आजीच्या नावे लावून दिले गेले, आणि स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठीचे हंगामी वसतिगृह गावात आहे का याचीही चौकशी झाली. ते पैसे वेळेवर येतातच असे नाही, पण ते तुमच्या हातात नव्हते.

तुम्ही एका बाबतीत दाखवलेला विवेक मला पुष्कळ उशिरा समजला. अमेरिकेत राज्यांच्या बालसेवांचे मूल्यमापन करताना घरी गेलेले मूल बारा महिन्यांच्या आत पुन्हा शासनाच्या ताब्यात आले का हे मोजतात, असे तुम्ही एकदा सांगितले होते. त्यावर "मग आपल्याकडेही प्रत्येक बालगृहाचा तसा आकडा भिंतीवर लावा" असे मी रागाने म्हटले. तुम्ही म्हणालात की तसे केले तर परत आलेल्या मुलाला दारातूनच परतवतील किंवा मुलांना घरी सोडणेच बंद करतील, शिवाय संस्थांना अनुदान मुलांच्या संख्येवर मिळते हे विसरू नकोस. म्हणून तुम्ही परत आलेल्यांच्या आकड्याशेजारी मुले संस्थेत किती काळ राहिली हेही मांडत होतात, आणि कोणत्याही अधीक्षकाला त्या आकड्यावरून जाब विचारू नये असे टिपणीत लिहून ठेवत होतात. ज्यांनी मला "का आलीस परत" म्हणून विचारले, त्यांनाही तुम्ही असे वाचवलेत. ते मला तेव्हा पटले नव्हते आणि आजही पूर्ण पटलेले नाही.

खरे तर हे सगळे करायला वरून सांगितलेले होतेच. बालगृहांच्या प्रकरणात ५ मे २०१७ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक मुलाचा वैयक्तिक काळजी आराखडा वर्षअखेरीपर्यंत तयार करायला सांगितले होते. माझाही आराखडा फाइलमध्ये होता. त्यात माझी आवड 'चित्रकला' अशी लिहिली होती आणि आमच्या सगळ्या खोलीची आवड चित्रकलाच होती. पुढच्याच वर्षी देशभरातल्या ९,५८९ संस्थांच्या पाहणीचा अहवाल आला. ती पाहणी संस्थांची होती. फाटकाबाहेर गेलेल्या मुलांचे पुढे काय झाले हे शोधायला कोणीतरी जिल्ह्यातच बसून एकेक नाव जुळवायला हवे होते. आदेश, नमुने आणि संगणक सगळ्या जिल्ह्यांना मिळाले. नावे जुळवून झाल्यावर मुलाकडे जाऊन "हे खरे आहे का" असे विचारणारे माणूस आमच्या नशिबाने आमच्या जिल्ह्याला मिळाले.

आम्ही संस्थेत वाढलेली मुले माणसे पटकन ओळखतो. पाहुणे खाऊ घेऊन येतात, मुलांबरोबर छायाचित्र काढतात आणि वाढदिवस साजरे करून जातात. त्यांच्याविषयी माझ्या मनात अढी नाही. पण आमच्या लेखी सज्जन माणसे निराळी. रात्री ताप आला तर स्वतःच्या घरचा काढा आणणाऱ्या स्वयंपाकाच्या मावशी, बहिणीला भेटायला आले की वेळ संपल्यावरही घड्याळाकडे न बघणारे पहारेकरी काका आणि हंगामातही पटावरून माझे नाव न काढणारे आमच्या शाळेचे गुरुजी. यांच्यापैकी कोणाचा सत्कार झाल्याचे मला आठवत नाही. मी त्या यादीत तुम्हाला धरते, आणि ती यादी मी फार जपून करते.

मार्चअखेर तुमचे करारपत्र संपले आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही, हे मला बहिणीच्या फाइलच्या निमित्ताने कार्यालयात गेले तेव्हा समजले. त्याविषयी लिहायला बसले तर पत्राचा सूर बिघडेल. तुमच्या जागी अतिरिक्त कार्यभार सांभाळणाऱ्या ताई चांगल्या आहेत आणि तुमचा तक्ता त्यांनी चालू ठेवला आहे. मात्र स्थलांतराच्या रकान्यात ऊसतोडीच्या घरांच्या तारखा बसतात, पण वीटभट्टीवर जाणारी घरे वेगळ्या वेळी निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, त्यांच्या भेटी तुम्ही कशा लावत होतात हे त्यांना उमगत नाही. त्यांनी मला विचारले, आणि मला ते सांगता आले नाही. तुमचा जुना भ्रमणध्वनी लागत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे. वाचनात आले तर कार्यालयाच्या नेहमीच्या दूरध्वनीवर त्यांना फोन करावा. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या जागेवर असतात.

आपली कृतज्ञ,
डाव्या मनगटावर डाग असलेली