सुन्या, आधी होल्डर मोज

सोलापूर
रविवार, दुपार

प्रिय सुन्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. फोनच केला असता, पण हे प्रकरण फोनवर आटपणारं नाही, म्हणून बसून लिहितोय. आज चिंचोळी एमआयडीसीला सुट्टी, नळाला पाणी कालच येऊन गेलंय, म्हणजे घरातूनही कुणी उठवणार नाही.

मशीनवर टूल कशाला धडकेल का, ही टक्कर तपासायचं वेगळं सॉफ्टवेअर तुमचे मालक घ्यायला तयार झालेत आणि तूच आडवा पडलायस: प्रोग्रॅम बनवतो त्या कॅममध्ये सिम्युलेशन आहेच की, सगळं हिरवं दिसतं, मग वर आणखी पैसे कशाला? माझं मत आधीच सांगून टाकतो. घ्यायचं की नाही ते नंतर बघू, आधी तुमच्या टूल लायब्ररीत होल्डर, म्हणजे टूल धरणारा सगळा भाग, मापासकट भर. होल्डर न भरता जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर आणलंस तरी ते तुला हिरवंच दाखवणार बे.

आमच्याकडचा एक जॉब सांगतो. बिडाचं हाउसिंग, आत ४५ मिमी खोल पॉकेट म्हणजे खळगा, आणि तो कापायला १० मिमी व्यासाचा लांब एंडमिल. सिम्युलेशन लावलं की टूल लोण्यात गेल्यासारखं तळापर्यंत जातं, कारण स्क्रीनवर ते अधांतरी लटकलेलं असतं, त्याच्या वर काहीच नसतं. आता खरं मशीन बघ. टूल धरायला बीटी४० मापाचा कोलेट चक, आणि त्यात टूल आवळायला ईआर३२ चा नट. नटाचा व्यास ५० मिमी. टूल भिंतीला घासून चालतं तेव्हा टूलचं केंद्र भिंतीपासून ५ मिमीवर आणि नटाची कड केंद्रापासून २५ मिमीवर. म्हणजे नट भिंतीच्या डोक्यावर २० मिमी आडवा आलेला. टूल नटाबाहेर ४० मिमीच काढलेलं असेल, तर तळ गाठताना नट ५ मिमी भिंतीत घुसणार. हे गणित चौथीतलं पोरगं करेल. सॉफ्टवेअर करणार नाही, कारण तिथे नट आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून सेटअप शीटवर मी ‘टूल बाहेर किमान ४८’ असं लिहितो. आमचे सेटर मामा व्हर्नियर लावून ५० ठेवतात, माझा ४८ खोडून पेनाने ५० लिहितात आणि शीट परत देतात. तो ५० मी लायब्ररीत भरतो आणि सिम्युलेशन पुन्हा चालवतो. मामा आधी अक्कलकोट रोडला यंत्रमागावर होते. सुटलेला धोटा कुठे जाऊन बसतो हे पाहिलेला माणूस, त्यामुळे कागदावर त्यांचा विश्वास बेताचाच. धारेची लांबीही अशीच खरी भर. नुसता व्यास भरलास तर धार संपून शँक, म्हणजे टूलचा नुसता दांडा, सुरू झाला हे कळायचं कसं? शँक भिंतीला घासत राहतो आणि स्क्रीनवर मात्र तो कापत असतो.

आता आतून हे चालतं कसं, तेही ऐक. बरीच सॉफ्टवेअरं जॉब अखंड ठोकळा म्हणून धरत नाहीत. कडब्याची पेंढी उभी केल्यावर दिसतात तशा दाट उभ्या काड्यांचा तो बनवतात, आणि टूल जाईल तिथे काड्यांचे शेंडे छाटत जातात. काड्या ०.५ मिमी अंतरावर असतील तर त्याहून बारीक खरचटणं दिसेलच याची खात्री नाही. आणि प्रत्येक काडीचा नुसता शेंडाच लक्षात ठेवला तर टी-स्लॉट कटरने आतून पोखरलेलं दाखवताच येत नाही, त्यासाठी काडी मधूनही तुटलेली धरावी लागते. बाकी नियम सोपा आहे. धार फीडमध्ये, म्हणजे कापायच्या वेगात, जॉबला लागली तर ते कापणं. तीच रॅपिडमध्ये, म्हणजे न कापता सुसाट सरकताना, लागली, किंवा शँक, नट, होल्डर कशालाही कधीही लागला, तर टक्कर. क्लॅम्पला तर धारही लागता कामा नये. पण त्यासाठी क्लॅम्प मॉडेलमध्ये असायला हवेत ना! आणि कास्टिंग ड्रॉइंगच्या मापाचं धरू नकोस, फाउंड्रीतून जास्तीत जास्त जेवढं येऊ शकतं तेवढं धर.

आता तुला न पटणारी गोष्ट. तू कॅममध्ये बघतोस ती कॅमची स्वतःची वाट. मशीनवर जातो तो जी-कोड, म्हणजे ती वाट मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या पोस्टमधून निघालेल्या ओळी, आणि ठोकाठोकी बहुतेक त्याच ओळींत लपलेली असते. समज, जी९० चालू आहे, म्हणजे मापं जॉबच्या शून्यापासून, आणि पोस्टने शेवटी नुसतं ‘जी२८ झेड०’ लिहिलं. आपल्याला वाटतं, झेड वर घरी जाईल. पण जी२८ आधी मधल्या बिंदूला जाऊन मगच घरी जातं, आणि जी९० मध्ये तो बिंदू म्हणजे जॉबचा झेड शून्य. टूल रॅपिडने खाली जॉबच्या माथ्यावर येणार! खाली क्लॅम्पचा बोल्ट असला तर खेळ खल्लास. म्हणून तर ‘जी९१ जी२८ झेड०’ लिहितात, जी९१ मध्ये माप टूल आहे तिथूनच धरलं जातं. कॅमच्या पडद्यावर यातलं काही दिसत नाही.

जी००, म्हणजे रॅपिडच्या हुकमाचंही तसंच. फॅनक कंट्रोलवर १४०१ नंबरच्या पॅरामीटरमध्ये सरळ रॅपिड चालू केलेला नसेल, तर एक्स आणि वाय आपापल्या पूर्ण वेगाने सुटतात. ज्याचं काम आधी झालं तो थांबतो, दुसरा एकटाच पुढे जातो. म्हणजे वाट मध्ये मोडते. पडद्यावर मात्र दोन क्लॅम्पच्या मधून तिरकी सरळ रेघ. तुमच्या मशीनवर तो बिट काय आहे, उद्याच बघ.

एवढं सगळं करूनही उरतंच. आमच्या ओळखीच्या एका शेडमध्ये सिम्युलेशन चोख होतं, क्लॅम्पसकट. रात्रपाळीला कास्टिंग नीट बसेना म्हणून ऑपरेटरने क्लॅम्प दोन बोटं सरकवला आणि फेसमिल थेट त्यावर. फेसमिलच्या धारेचे इन्सर्ट उडाले ते उडाले, स्पिंडल उघडायला पुण्याहून माणूस येईपर्यंत मशीन बंद. त्या पोराला शिव्या खूप पडल्या. मला विचारशील तर क्लॅम्पची जागा फिक्स्चरवर डॉवेल पिनने पक्की केलेली नव्हती, हा दोष पोराचा नाही.

म्हणून पहिल्या जॉबला आम्ही अजूनही सगळे शून्य एकदम सरकवणाऱ्या ईएक्सटी ऑफसेटमध्ये झेड १०० मिमी वर उचलून प्रोग्रॅम हवेत फिरवतो. मग तो १०० काढायचा, एकेक ओळच चालावी म्हणून सिंगल ब्लॉक लावायचा, रॅपिड २५ टक्क्यांवर, आणि प्रत्येक टूल पहिल्यांदा खाली येताना अजून किती जायचंय ते दाखवणाऱ्या ‘डिस्टन्स टू गो’वर डोळा. ऑपरेटरने टूल ५ ची लांबी लांब्यांच्या यादीत एच५ ऐवजी एच६ समोर भरली असेल तर ते सॉफ्टवेअरला कळत नाही, इथेच कळतं. रॅपिड मिनिटाला २४ मीटर म्हणजे सेकंदाला ४०० मिमी. इमर्जन्सीवर हात पडेपर्यंत अर्धा सेकंद गेला तरी टूल २०० मिमी पुढे.

राहिला खरेदीचा प्रश्न. तुमची मशिनं तीन अक्षांचीच राहणार असतील तर मालकांना थोडं थांबव. होल्डर भर, क्लॅम्प भर, पोस्ट दुरुस्त करून घे, आणि नुसता जी-कोड डोळ्यांनी बघायला फुकटचं कॅमोटिक्स आहेच. पण तू शेवटी हळूच म्हणालास तसं फाइव्ह अ‍ॅक्सिस मशीन खरंच येणार असेल, तर विरोध सोड. टेबल तिरकं होऊन फिरायला लागलं की होल्डर टेबलाला कुठे भिडेल हे अनुभवी सेटरलाही नजरेने सांगता येत नाही. तिथे अख्ख्या मशीनचं मॉडेल ठेवून जी-कोड तपासणारं व्हेरिकटसारखं काहीतरी लागतंच. ते काही नवीन खूळ नाही, १९८८ पासून चालू आहे. फक्त घेताना विक्रेत्याला विचार, तुमच्या मशीनचं आणि कंट्रोलचं मॉडेल कोण बनवून देणार आणि त्याचे पैसे वेगळे पडणार का.

तुमच्या पोस्टमधून निघालेला एखादा छोटा प्रोग्रॅम पाठव, सुरुवातीच्या आणि टूल बदलाच्या ओळी बघून देतो. आणि गड्ड्याच्या जत्रेला येणार असशील तर आधी कळव, आईला शेंगाचटणी करून ठेवायला सांगतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता