नागपूरचे जेम्स लॉसन

महोदय,
जेम्स लॉसन हे नाव आज नागपुरात किती जणांना ठाऊक असेल? कोरियन युद्धाच्या काळात लष्करभरतीला नकार देऊन तुरुंगात गेलेले हे अमेरिकी मेथडिस्ट (एका प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे) १९५३मध्ये हिस्लॉप महाविद्यालयात आले. मुलांना खेळ शिकवले, गांधीजींचा सत्याग्रह समजून घेतला. अमेरिकेत परतल्यावर वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या नॅशव्हिल शहरातल्या विद्यार्थ्यांना मार खाऊनही हात न उगारण्याची रीतसर तालीम दिली. त्यापायी १९६०मध्ये ते शिकत होते त्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने त्यांना काढून टाकले (पुढे तिथेच प्राध्यापक म्हणून बोलावले, हे विशेष!). १९६८मध्ये मेम्फिसच्या संपकरी सफाई कामगारांसाठी मार्टिन ल्यूथर किंग यांना बोलावणारेही तेच. २०२४मध्ये ते वारले. शहरातल्या एखाद्या चौकाला त्यांचे नाव द्यायला काय हरकत आहे? याहून कमी कारणांनी आपल्याकडे चौकांना नावे मिळाली आहेत.
– एक वाचक, नागपूर