गॅलरीतील तिरंग्याला समितीची परवानगी कशासाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या सोसायटीतील एका सभासदाने गॅलरीच्या कठड्याला काठी बांधून लावलेला राष्ट्रध्वज १५ ऑगस्ट उलटताच उतरवावा, यापुढे समितीच्या लेखी परवानगीशिवाय ध्वज लावू नये, अशी सूचना व्यवस्थापन समितीने फलकावर लावली. ती चुकीची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राष्ट्रध्वज सन्मानपूर्वक फडकवण्याचा नागरिकाचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने उद्योगपती नवीन जिंदल यांच्या प्रकरणात २३ जानेवारी २००४ रोजी दिला. रायगढ (आता छत्तीसगडमध्ये) येथील त्यांच्या कारखान्यावर तिरंगा लावण्यास अधिकाऱ्यांनी हरकत घेतल्याने जिंदल न्यायालयात गेले होते. त्याआधीच, २६ जानेवारी २००२ पासून लागू झालेल्या ध्वजसंहितेने सामान्य नागरिकांना वर्षातील कोणत्याही दिवशी ध्वज लावण्याची मुभा दिली होती, आणि जुलै २०२२ मधील दुरुस्तीनंतर तो घरावर रात्रीही ठेवता येतो. मग १५ ऑगस्टनंतर तो उतरवा, हे समिती कशाच्या आधारे सांगते? खिडकी किंवा गॅलरीतून आडव्या वा तिरप्या काठीवर ध्वज लावल्यास केशरी पट्टा काठीच्या बाहेरील टोकाकडे असावा, असे हीच संहिता सांगते. म्हणजे गॅलरीतील ध्वज तिने गृहीतच धरला आहे.

मात्र हा हक्क निरंकुश नाही. फाटका, मळका ध्वज लावता येत नाही, त्याच काठीवर दुसरा झेंडा चालत नाही आणि जाणीवपूर्वक अवमान केल्यास राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान रोखणाऱ्या १९७१ च्या कायद्यानुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काठी नीट बांधलेली आहे ना, ती वाऱ्याने खाली कोणाच्या डोक्यात पडणार नाही ना, हे समितीने जरूर पाहावे. सामायिक गच्चीवर ध्वजस्तंभ उभारायचा असेल, तर सर्वसाधारण सभेत ठरवणेही रास्तच आहे. परंतु सुरक्षिततेची काळजी घेणे वेगळे आणि सरसकट मनाई करणे वेगळे.

खरे तर समितीने लक्ष घालावे असे काम दुसरेच आहे. पावसाने विटलेले, कडा उसवलेले ध्वज अनेक खिडक्यांत महिनोन्‌महिने लटकत राहतात आणि पुढे कचऱ्याच्या डब्यात जातात, हे पाहून वाईट वाटते. असे ध्वज खासगीरीत्या, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावेत, असा संहितेचा दंडक आहे. समितीने आपली सूचना मागे घ्यावी आणि जीर्ण ध्वज गोळा करण्याची सोय कार्यालयात करावी, अशी माझी विनंती आहे.

— एक सभासद, पुणे