ईसीयू क्लोन करण्यावर राग नको, पुढे त्यात काय भरतात ते तपासा

संपादक साहेब, नमस्कार.

गाडीचं ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा, क्लोन केलं, म्हणजे त्यातला डेटा जसाच्या तसा दुसऱ्या डब्यात उतरवला म्हणलं की लोकांना एकदम गाडीचोरच आठवतो, आणि त्यात खोटं काही नाही, चोर खरंच आपलं ईसीयू आणि त्याला जुळणारी किल्ली पिशवीत घेऊन येतात, जोडतात आणि गाडी घेऊन जातात. पण मी भोसरीत गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सचंच रिपेअरिंग करतो म्हणून दुसरी बाजू लिहितोय, जमलं तर छापा.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या होत्या. ईसीयूत पाणी गेलं की पिना गंजतात, बोर्ड जातं, आणि शोरूमवाले सांगतात अख्खं नवीन टाका, वर कोडिंगचे पैसे वेगळे. मग माणूस जुन्या बाजारातून, स्क्रॅपमधून त्याच पार्ट नंबरचं ईसीयू आणतो, लावतो, आणि गाडी चालूच होत नाही. कारण किल्लीतली चिप, इमोबिलायझर (ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन चालू होऊ न देणारी यंत्रणा) आणि ईसीयू यांची जोडी जुळवलेली असते, दुसऱ्या गाडीचा डबा या किल्लीला ओळखत नाही. मग आम्ही काय करतो, तर जुन्या डब्यातला फ्लॅश आणि ईईप्रॉम या मेमरींमधला डेटा, व्हीआयएन म्हणजे गाडीच्या ओळख नंबरासकट, वाचून जसाच्या तसा दुसऱ्यात भरतो. टेबलावर ठेवून १२ व्होल्ट आणि कॅनच्या, म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात त्या लाइनच्या, दोन वायरी दिल्या की बऱ्याचदा होतं, नाही झालं तर झाकण उघडून बूट मोड, म्हणजे आतल्या बोर्डालाच थेट वायरी जोडून वाचायचं. झालं क्लोनिंग. यात कुणाचं काय वाईट झालं सांगा?

आणि कंपन्यांनी बाहेरच्या गॅरेजला हे काम सरळ करू दिलं असतं तर ही वेळच आली नसती. २०१४ साली स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता, स्पेअर पार्ट आणि डायग्नोस्टिक टूल बाहेर मिळू देत नाहीत म्हणून. आजही साधं इमोबिलायझर मॅच करायचं तरी बऱ्याच गाड्यांना शोरूमच्याच दारात जावं लागतं.

आता ट्यूनिंगवाल्यांचं, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून गाडीची ताकद वाढवणाऱ्यांचं. नवीन गाड्यांची ईसीयू कंपनीने लॉक केलेली असतात, आत डिजिटल सही असते, मॅप, म्हणजे इंजिन कसं चालवायचं याचे आतले आकडे, बदलला की डबा स्वीकारतच नाही. मग हे लोक त्याच जातीचं, लॉक नसलेलं आधीच्या बॅचचं ईसीयू शोधतात, त्यात गाडीचा इमोबिलायझर डेटा क्लोन करतात आणि स्टेज वन का काय ते त्यात भरतात, म्हणजे टर्बोचा बूस्ट वाढवायचा, डिझेल जास्त मारायचं, टॉर्कची लिमिट उचलायची. ओरिजिनल डबा घरी कपाटात. सर्व्हिसिंगला जायच्या आदल्या दिवशी तो परत गाडीत, वॉरंटी शाबूत! खंबाटकी घाटात पळवायला मजा येत असेल, पण गिअरबॉक्स आणि टर्बो उडाला की तोच माणूस कंपनीला शिव्या घालतो. ते त्याचं तो बघेल.

माझा खरा राग डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) ऑफ आणि ईजीआर (प्रदूषण कमी करायला थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह) ऑफ करणाऱ्यांवर आहे. धुराच्या जुन्या बीएस ४ नियमात डिझेल कारला किलोमीटरला २५ मिलिग्रॅम काजळी चालायची, बीएस ६ मध्ये ती ४.५ वर आणली, आणि ती आली मुख्यतः डीपीएफच्या जिवावर. हडपसर-कोथरूड ट्रॅफिकमध्ये डीपीएफचं रीजनरेशन, म्हणजे साठलेली काजळी जाळून टाकणं, पूर्ण होत नाही, सारखा दिवा लागतो, लोक वैतागतात, हे मला मान्य आहे, मलाही रोज हेच ऐकावं लागतं. पण म्हणून फिल्टरच कापून टाकायचा आणि ईसीयूला सांगायचं की तो कधी नव्हताच? सॉफ्टवेअरने धुराची लबाडी करता येते हे २०१५ ला फोक्सवॅगनने जगाला दाखवलं, त्यांचा कारखाना आपल्या चाकणलाच आहे, आणि ती लबाडी सापडली गाडी खऱ्या रस्त्यावर चालवून मोजली तेव्हा. आपली पीयूसी अजून सायलेन्सरमध्ये नळी घालण्यावरच अडलीय. पोलीस बुलेटच्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात त्याचे फोटो येतात, पण ईसीयूचा आवाज येत नाही ना, मग ते कोण पकडणार. मोटार वाहन कायद्यात गाडीत मनाने बदल करू नका सांगणारं कलम ५२ आहे, १८२अ खाली बेकायदा बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिने कैद आहे, पण तपासणार कशाने?

तपासायचं साधन गाडीतच आहे. ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला, स्कॅनर लावला की व्हीआयएन, कॅलिब्रेशन आयडी म्हणजे ईसीयूतल्या सॉफ्टवेअरची ओळख, आणि त्या सॉफ्टवेअरचा पडताळणी नंबर सीव्हीएन, तिन्ही मिनिटभरात वाचता येतात. कंपन्यांकडून खरे नंबर घेऊन परिवहन खात्याने पीयूसी सेंटरला द्यावेत. हुशार ट्यूनर तो नंबरपण खोटा दाखवेल, माहितीये मला, पण सगळे एवढे हुशार नसतात, निम्मे तर नेटवरून उतरवलेली फाइलच भरतात. आणि दुसरं, इंजिन बदललं की आरसीवर नोंद करावी लागते तशी ईसीयू बदलल्याचीही नोंद सुरू करा, जुन्याचा आणि नव्याचा सिरियल नंबर, काम करणाऱ्या गॅरेजचा शिक्का. आम्ही शिक्का मारायला तयार आहोत, कपाटात डबा ठेवणारे आणि पिशवीतून आणणारे तयार होतील का ते आरटीओने विचारावं.

आपला वाचक,
एक ईसीयू रिपेअरवाला, भोसरी