गिझर बिघडला नव्हता, व्होल्टेज पडलं होतं

संपादक साहेब, स.न.वि.वि.

आमच्या ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला सांगायला नको, त्यात संध्याकाळी गिझरचं पाणी तापता तापेना म्हणून मिस्त्रीला बोलावलं तर तो बघितल्या बघितल्या म्हणाला एलिमेंट (आतली पाणी तापवणारी कॉइल) गेलं, नवीन टाका. दहावीतली नात म्हणाली आजोबा थांबा, आधी मोजू. गिझरवर लिहिलंय 230 व्होल्ट, 2000 वॉट, म्हणजे करंट 2000 भागिले 230, साधारण 8.7 अँपिअर, आणि एलिमेंटचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, 230 भागिले 8.7, म्हणजे साडेसव्वीसच्या आसपास ओहम. मग मिस्त्रीच्याच मीटरने बघितलं, लाइनला व्होल्टेज फक्त 180, करंट 6.8. भागाकार केला तर परत तेच साडेसव्वीस! एलिमेंट ठणठणीत. पण 180 गुणिले 6.8 म्हणजे जेमतेम सव्वाबाराशे वॉट, मग पाणी तापायला दीडपटीहून जास्त वेळ लागणारच ना. व्होल्टेज पडलं की करंटही पडतो, त्यामुळे पॉवरला दुहेरी मार बसतो. मिस्त्री गपचूप चहा पिऊन गेला (बिचारा पैसे मात्र घेईना).

तुमच्या विद्यार्थ्यांच्या पानावर असली घरगुती गणितं द्या की, आणि वीजवाल्यांना आमच्या गल्लीचं व्होल्टेज तेवढं बघायला सांगा.

एक आजोबा, लश्कर, ग्वाल्हेर