मुळशीच्या बंगल्याविषयी आई-बाबांना

कोथरूड, पुणे

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, ६० लाखांना विकत घेऊन पर्यटकांना भाड्याने द्यायचा म्हणता त्या मुळशीच्या बंगल्याचे जे माहितीपत्रक तुम्ही पाठवलेत ते मी दोनदा वाचले आणि मागच्या रविवारी ताम्हिणीच्या रस्त्याने जाऊन जागाही पाहून आले. फोनवर हा विषय निघाला की तुम्ही "बघू" म्हणता, माझा आवाज चढतो आणि आई मध्येच जेवणाचे विचारते. म्हणून या वेळी पत्र लिहीत आहे.

माहितीपत्रकातले एक वाक्य खरे आहे. डोंगरात भटकणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि त्यामुळे डोंगरातल्या घरांना मागणी आली आहे. शनिवारी रात्री शिवाजीनगरहून ट्रेकच्या बसगाड्या एकामागून एक सुटतात, पावसाळ्यात ताम्हिणीत गाडी उभी करायला जागा मिळत नाही, आणि जुलै २०२५ मध्ये राजगड, लोहगड आणि शिवनेरी यांच्यासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून त्यांच्या पायथ्याच्या गावांतही जमिनीची चौकशी सुरू झाली आहे. परंतु गर्दी होणे आणि घर भाड्याने जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि माहितीपत्रक लिहिणाऱ्याने त्या मुद्दाम एक करून टाकल्या आहेत.

सिंहगडाचेच पाहा. पुण्यापासून तासाभरावर असलेल्या त्या गडावर रविवारी पाय ठेवायला जागा नसते; लोक चढतात, पिठले-भाकरी खातात, मडक्यातले दही संपवतात आणि दुपारच्या आत आपापल्या घरी येऊन झोपतात. कात्रजहून रात्रभर चालत सिंहगड गाठणारी मुले तर रात्र डोंगरावरच काढतात, त्यांना खोली कशाला हवी? राजगडाला जाणारे बहुतेक जण रात्री निघतात, गुंजवण्यात पहाटे चहा-पोहे घेतात आणि संध्याकाळी परत पुण्यात असतात. या साऱ्यांचा पैसा बसवाल्याला, वाटाड्याला आणि भाकरी करणाऱ्या बाईला मिळतो, आणि तो मिळावाच. बंगल्याच्या मालकाला त्यातले काही मिळत नाही. त्याला पैसा मिळतो तो ज्या छंदासाठी रात्र काढावीच लागते त्यातून. भंडारदऱ्याला मे महिन्याच्या अखेरीस काजवे पाहायला गेलेला माणूस अंधार पडल्याशिवाय परत फिरू शकत नाही, आणि एवढ्या लांब गेलाच आहे तर दुसऱ्या दिवशी सांदण दरी किंवा कळसूबाई करतो. कामशेतला पॅराग्लायडिंग शिकायला येणाऱ्याला वाऱ्याच्या मर्जीने तीन-चार दिवस थांबावे लागते, फक्त तो बहुधा शिकवणाऱ्यांच्याच सोयीत उतरतो.

दादाने तुम्हांला कोलोरॅडोतल्या ब्रेकनरिजच्या लाकडी घरांचे फोटो दाखवले आणि तिथूनच ही कल्पना तुमच्या मनात आली, हे मला ठाऊक आहे. तिथे ते का चालते, हेही त्याच्याकडून समजून घ्यायला हवे होते. ते गाव सुमारे ९,६०० फुटांवर आहे. तिथे नोव्हेंबरपासून वसंतापर्यंत बर्फ असतो आणि स्कीइंगला येणारे कुटुंब एवढे सामान घेऊन एका दिवसासाठी येत नाही, चार-सहा रात्री तरी राहते. उन्हाळ्यात बर्फ वितळल्यावर त्याच डोंगरांत पायी भटकणारे आणि सायकलवाले येतात, म्हणजे एकाच घराला दोन हंगाम मिळतात. आणि एवढे असूनही, गावात काम करणाऱ्यांनाच राहायला घर मिळेना, तेव्हा तिथल्या नगर परिषदेने २०२१ मध्ये अशा भाड्याच्या घरांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. म्हणजे तिथल्या मालकाचीही काळजी मिटलेली नाही.

आता जे आजवर तुम्हांला सांगितले नव्हते ते सांगते. दोन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या दोन मैत्रिणींबरोबर मी मुळशीकडेच तीन खोल्यांचा एक बंगला महिना २०,००० रुपये भाड्याने घेतला आणि वर्षभर तो पर्यटकांना दिला. तुम्ही रागवाल म्हणून बोलले नाही. त्याचा सगळा हिशेब एका निळ्या वहीत आहे. तिची पाने उलटली की तुम्हांला पहिल्यांदा काय दिसेल, तर शनिवार. पानामागून पान, शनिवारी नाव, संख्या, आगाऊ रक्कम. आणि सोमवार ते गुरुवार कोरे. वर्षात ३६ शनिवार गेले, दर रात्री ९,००० रुपयांनी. दिवाळी, नाताळ आणि जोडून आलेल्या सुट्ट्यांच्या मिळून आणखी २२ रात्री, सरासरी ७,००० रुपयांनी. एकूण जमा ४,७८,००० रुपये. ३६५ पैकी ५८ रात्री.

खर्चाची बाजू अशी. केअरटेकर जोडप्याला महिना १२,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४,०००. ऑनलाइन बुकिंगवाल्यांचे १५ टक्के, ७१,७००. वीज, धुलाई आणि मार्चपासून लागणारे पाण्याचे टँकर मिळून ९६,०००. पावसाळ्यानंतरची गळती आणि रंग, ५५,०००. उरले १,११,३००, आणि त्यातून घरमालकाला २,४०,००० द्यायचे होते. तिघींनी मिळून सव्वा लाखावर तोटा सोसला आणि वही बंद केली.

तुम्ही म्हणाल, बंगला स्वतःचा असता तर भाडे द्यावे लागले नसते. मान्य आहे. पण मग हेच १,११,३०० रुपये तुमच्या ६० लाखांवर धरा. वर्षाला दोन टक्केही पडत नाहीत, आणि स्टँप ड्युटी व फर्निचर अजून धरलेलेच नाही. तुम्ही आणि आईने ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी ३० लाख ठेवले तर सध्याच्या ८.२ टक्क्यांनी वर्षाला ४,९२,००० रुपये दर तिमाहीला थोडे थोडे खात्यात येतात, आणि त्यासाठी कोणाच्या गाद्या उन्हात घालाव्या लागत नाहीत.

गाद्यांचे मी विनोदाने लिहीत नाही. मुळशीच्या जुलैत घर चार दिवस बंद राहिले की गादीच्या शिवणीतून हिरवी बुरशी वर येते, कपाट उघडले की ओल्या गोणपाटाचा वास येतो. आम्ही तीन महिन्यांत सहा गाद्या टाकल्या. आणि ज्या पावसासाठी लोक येतात तोच पाऊस बुकिंगही घालवतो: घाटात दरड येते, धबधब्यांवर जिल्हाधिकारी बंदी घालतात, आणि शुक्रवारी रात्री "पैसे परत करा" असे फोन सुरू होतात. शिवाय तुमचा शेजारी शेतकरी स्वतःच्या जमिनीत दहा तंबू ठोकून शनिवार घेऊन जातो, पवना धरणाच्या काठी झाले तसे. त्याची जमीन वडिलोपार्जित आहे, तुमची ६० लाखांची आहे. दरात तुमचा त्याच्यापुढे कसा टिकाव लागणार?

माहितीपत्रकातल्या "तीन वर्षे खात्रीचे भाडे" या ओळीवर तुम्ही पेन्सिलने खूण केली आहे. ते भाडे किमतीत आधीच धरलेले असते, बाबा. आपलेच पैसे आपल्याला हप्त्याने परत मिळतात. मी महत्त्वाचे कागद मागितले तेव्हा तिथल्या मुलाने "एनए प्रोसेसमध्ये आहे" असे सांगितले, म्हणजे जमीन अजून बिगरशेती झालेली नाही. आपण शेतकरी नाही, त्यामुळे कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतजमीन आपल्या नावावर होऊ शकत नाही; जमीन बिगरशेती असल्याचा कागद आणि महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक हातात आल्याशिवाय एक रुपयाही देण्यात अर्थ नाही. जागा डोंगराचा उतार कापून पायऱ्या-पायऱ्यांनी सपाट केलेली आहे. ३० जुलै २०१४ ला याच पुणे जिल्ह्यात माळीण गाव दरडीखाली गाडले गेले हे आठवते ना, त्यामुळे मला तिथे उभे राहूनच नकोसे झाले.

जमिनीचा भाव वाढेल, हा तुमचा उरलेला मुद्दा. वाढेलही, मी नाही म्हणत नाही. पण ती वाढ विकल्यावरच हातात येते, आणि पंचाहत्तरीत मुळशीला गिऱ्हाईक दाखवायला कोण जाणार?

आई, तुला मात्र डोंगरातल्या पाहुण्यांची हौस आहे, तर एक सुचवते. साताऱ्याच्या आपल्या घराच्या वरच्या दोन खोल्या दादा अमेरिकेला गेल्यापासून बंद आहेत. कासचे पठार तिथून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. फुलांच्या हंगामात तिथे ऑनलाइन नोंदणी करून ठरावीक संख्येनेच सोडतात, आणि सकाळची वेळ मिळालेले पुण्या-मुंबईचे लोक आदल्या रात्री साताऱ्यातच उतरतात. हंगाम सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पाच-सहा आठवड्यांचा, म्हणजे मिळकत बेताचीच. पण खर्च एका गीझरचा आणि चार चादरींचा आहे, आणि नको झाले तर कुलूप लावता येते.

येत्या शनिवारी स्वारगेटहून सकाळच्या गाडीने निघते, तोपर्यंत टोकन देऊ नका. निळी वही बरोबर आणते. बाबा, बँकेत पस्तीस वर्षे तुम्ही दुसऱ्यांच्या वह्या तपासल्यात. ही माझी तपासा, आणि टँकरच्या रकमेत मला एक चूक वाटते आहे, ती सापडते का पाहा.

आपली,
मीनल