कार्तिकातल्या चांदण्यातले घोडे

दारव्हा तालुका, जि. यवतमाळ
कार्तिक वद्य द्वितीया

प्रिय संजू,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळं बरं आहे. कापसाची पहिली वेचणी झाली, तूर फुलावर आहे आणि हरभऱ्याला पहिलं ओलित चालू आहे. या आठवड्यात मोटरीची लाईन रात्रीची आहे, त्यामुळे रोज दहापासून मी वावरात असतो. स्प्रिंकलरचे पाईप बदलायचे, रोही म्हणजे नीलगायी अन् डुकरं हाकलायची आणि मधल्या वेळात धुऱ्यावरच्या लिंबाखाली बसायचं. रेंज तिथंच येते. आज तुला ज्या गाण्यांबद्दल सांगतोय ती या लिंबाखाली ऐकलेली आहेत. मोबाईलवर नुसती लिंक पाठवली असती तर तू अंगठा दाखवून पुढे गेला असतास, म्हणून कागद घेतला.

अमरावतीच्या हॉस्टेलवर २००६ साली आपण 'गँगस्टर'मधलं 'भीगी भीगी' किती वेळा वाजवलं आठवतं? तू ते गिटारवर बसवायचास आणि दरवेळी अंतऱ्यात अडायचास. ती चाल मुळात एका बंगाली बँडची आहे, हे मला गेल्या महिन्यात कळलं. बँडचं नाव 'मोहीनेर घोडागुली', म्हणजे महीनचे घोडे. गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या सोबत्यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्यात कलकत्त्यात तो सुरू केला. बंगालच्या बाऊल फकिरांची गाणी, जॅझ, पाश्चात्त्य लोकसंगीत, सगळं त्यांनी बंगालीत आणलं. १९७७ ते १९७९ मध्ये तीन छोट्या रेकॉर्ड निघाल्या. लोकांनी त्या फारशा घेतल्या नाहीत आणि दोनेक वर्षांत बँड मोडला. पुढं १९९५ मध्ये गौतमबाबूंनी नव्या पोरांना सोबत घेऊन संकलन काढलं, तेव्हा कुठं कलकत्त्यानं त्यांना उचलून धरलं. वीस वर्षं ती गाणी कुठं होती, कोणाच्या ओठांवर होती, याचा मी बसल्या बसल्या विचार करत असतो.

बँडचं नाव जीवनानंद दासांच्या कवितेतलं आहे. त्या कवितेत हे घोडे कार्तिकाच्या चांदण्यात माळावर चरतात. हे वाचलं तेव्हा समोर कार्तिकाचंच चांदणं होतं आणि हरभऱ्याच्या कडेला चार रोही उभे होते. संजू, मी त्यांना हाकललं नाही. नुकसान झालं ते झालं.

दुसरं नाव वॅश्टी बन्यन. ही बाई बँडवाली नाही, एकटीच गाते, पण तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. साठच्या दशकाच्या शेवटी ती आणि तिचा जोडीदार लंडनकडून घोडागाडीनं थेट स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाले. वाटेत जे दिसलं त्याची तिनं गाणी केली. १९७० मध्ये अल्बम आला आणि कोणी विचारलंच नाही. तिनं गाणं सोडलं, मुलं वाढवली. पुढं इंटरनेट आल्यावर तिनं स्वतःचंच नाव शोधून पाहिलं, तर तिची गाणी शोधणारी माणसं तिला तिथं सापडली. २००० साली अल्बम पुन्हा निघाला आणि दुसरा अल्बम आला २००५ मध्ये. दोन अल्बमांमध्ये पस्तीस वर्षं!

तिचा आवाज तू ऐकच. चढवलेला नाही, कमावलेला नाही. श्वास जिथं संपतो तिथं सूर संपतो. मी एकदा घरी अंगणात लावला, तर आई वाती वळता वळता म्हणाली, "हे बाई कोनाच्या लेकराले निजवून राह्यली रे?" इंग्रजीतला एक शब्द न कळता आईनं बरोबर ओळखलं. मला वाटतं या सगळ्या मंडळींत मला जे धरून ठेवतं ते हेच. आपल्याकडे स्पर्धेतली गाणी ऐकून ऐकून कान असे झालेत की आवाज उंच नेला नाही तर गाणंच नाही असं वाटतं. इथं तसं नाही. शेजारच्या अंगणात कोणी भांडी घासता घासता म्हणावं, तसं ते येतं.

ग्लासगोच्या 'बेल अँड सेबॅस्टियन'चंही असंच. त्यांचा गाणी लिहिणारा स्टुअर्ट मर्डॉक बरीच वर्षं आजारी होता, घराबाहेर पडणंही अवघड. त्या दिवसांतच तो गाणी लिहायला लागला. १९९६ मध्ये तिथल्या एका कॉलेजच्या संगीत व्यवसायाच्या वर्गासाठी पहिला अल्बम निघाला, फक्त एक हजार प्रती. आपल्या तालुक्याच्या बाजारातही एका दिवसात याहून जास्त माणसं येतात! त्यांची गाणी पहिल्यांदा ऐकशील तेव्हा साधी वाटतील. तीनदा ऐक, आणि गाडी चालवताना ऐकू नकोस. ब्रिस्टलची 'सारा रेकॉर्ड्स' म्हणून कंपनी होती, १९८७ ते १९९५. तिचे बँडही याच जातकुळीचे. शंभरावी रेकॉर्ड काढली आणि त्यांनी कंपनी स्वतःहून बंद केली. कोचीचा 'व्हेन चाय मेट टोस्ट'ही ऐकून पाहा, सकाळच्या वेळी बरा वाटतो, पण रात्रीच्या ओलिताला तो चालत नाही.

आता खरं काम. अंगणात वॅश्टीचं गाणं लावलं, त्यानंतर मी आईला भुलाबाईची गाणी म्हणायला लावली. आपल्या गावातली सगळ्यांना येतात ती नव्हे, तिच्या माहेरची. ती आधी नाही म्हणाली, "आता कोन म्हन्ते ते," म्हणाली. मग चूल सारवता सारवता आपणहून सुरू झाली. चार गाणी मोबाईलवर घेतली आहेत. तिसऱ्यात मध्येच शब्द विसरली, थांबली, मग "जाऊ दे" म्हणून पुढचं कडवं धरलं. मागे कोंबडीचा आवाज आहे, तोही राहू दिलाय. तिच्या मैत्रिणींपैकी ही गाणी येणारी आता एकच बाई उरली आहे, तिकडे आर्णीला. दिवाळी आटोपली, आता वेचणीतून एक दिवस काढून जातो.

ती चार गाणी तुला पाठवतोय. तुझ्याकडे कॉम्प्युटर चांगला आहे, एक प्रत तिथं नीट ठेव. खरखर काढायला जाऊ नकोस, आईचा श्वास त्यातच आहे. आणि तिसऱ्या गाण्यातले राहिलेले शब्द तुझ्या मावशीला विचारशील का? ती त्याच पट्ट्यातली ना?

मोटर चालू झाली. पाईप उचलायला हवेत.

तुझा,
विलास

ता. क. गिटार विकली असशील तर सांगू नकोस. असली तर मार्गशीर्षात येताना घेऊन ये, लिंबाखाली दोघांना बसायला जागा आहे.